जुन्या जपानी गिटारीत काय बदलावे?

जपानच्या मध्यभागी, उंच पर्वतांनी वेढलेल्या नागानो प्रांतात मात्सुमोतो नावाचे शहर आहे. १९६० साली तेथे फुजिजेन गाक्की हा वाद्यांचा कारखाना निघाला. त्याच शहरातील मात्सुमोकू हा कारखाना तर पूर्वी शिलाई यंत्रांच्या लाकडी पेट्या करीत असे. लाकूड वाळविणे, सांधणे, त्यास झिलई देणे हे काम तेथील कारागिरांच्या हातात मुरलेले होते. १९७० नंतरच्या दशकात इबानेझ, आरिया अशा नावांनी मात्सुमोतोच्या इलेक्ट्रिक गिटारी जगभर गेल्या. त्यांतील पुष्कळशा अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब नकला होत्या. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतील शाखेवर दावा लावला. तो होता गिटारीच्या शेंड्याच्या आकाराबद्दल, आणि पुढे न्यायालयाबाहेरच मिटला. आज मात्र त्या काळच्या कोणत्याही जपानी गिटारीस ‘दाव्यातील गिटार’ म्हणून चढा भाव सांगितला जातो. शेंड्याचा आकार कानाला ऐकू येत नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे!

मग पाहावे काय? सर्वांत आधी मान. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ ते ५० किलोग्रॅम वजनाइतका असतो. एवढे ओझे चार दशके सोसल्यावर लाकूड वाकणारच. म्हणून मानेच्या पोटात एक पोलादी सळई बसविलेली असते. तिची चाकी आवळली की मान उलट बाजूस खेचली जाते. मान किती वाकली आहे हे पाहण्यास फूटपट्टी लागत नाही. ताणलेली तार हीच उत्तम सरळ रेषा. एकच तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरा आणि सातव्या पडद्याजवळ तार व पडदा यांत किती फट दिसते ते पाहा. जाड कागद जेमतेम सरकेल एवढी फट चांगली. फार मोठी असेल तर चाकी फिरते का, हे विकणाऱ्याच्या समक्ष पाहून घ्यावे. चाकी गंजून बसली असेल किंवा मानेला पीळ पडला असेल, तर ती गिटार स्वस्तातही महाग पडते. बाकी सारे बदलता येते. मान नीट करणे मात्र अवघड आणि खर्चाचे काम.

बाराव्या पडद्यावर तार दाबली की तिची लांबी निम्मी आणि वारंवारता दुप्पट व्हावयास हवी. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेसाठी तो पडदा ३२४ मिलिमीटरवर येतो. पण बोटाने दाबताना तारेचा ताण थोडा वाढतो, त्यामुळे स्वर किंचित चढा लागतो. यासाठी घोडीवरील तारेचा आधार एक-दोन मिलिमीटर मागे घेतात. जुनी गिटार बेसूर वाटली तर पुष्कळदा एवढे एक स्क्रू फिरविण्याचेच काम असते.

आता विजेचा भाग. पिकअप म्हणजे स्थायी चुंबकांभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यावरून पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय प्रवाह बदलतात आणि फॅरडेच्या नियमानुसार विद्युतदाब निर्माण होतो. पिकअप जिवंत आहे का, हे मल्टिमीटर सांगतो. गिटारीला वायर जोडून, आवाजाचे बटण पूर्ण फिरवून, वायरीच्या दुसऱ्या टोकाशी रोध मोजावा. साधारण ५ ते ९ किलो-ओहम आला तर वेटोळे शाबूत आहे. पण २५० किंवा ५०० किलो-ओहम आला तर? तो रोध पिकअपचा नव्हे, आवाजाच्या बटणाचा! याचा अर्थ वेटोळे तुटले आहे किंवा एखादा सोल्डर सुटला आहे. तुटलेले वेटोळेही त्याच चुंबकावर पुन्हा गुंडाळून घेता येते, म्हणून पिकअप फेकू नये.

माझा एक विद्यार्थी अशी जुनी गिटार घेऊन प्रयोगशाळेत आला होता. आवाज दबका येतो म्हणून नवे पिकअप घेण्यासाठी त्याने बरेच महिने पैसे साठविले होते. पिकअप उत्तम होते. त्याची वायर मात्र दहा मीटर लांब होती. आता वायर म्हणजे एक धारकच: आतली तार आणि बाहेरची जाळी या त्याच्या दोन पट्ट्या. दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारकता धरा. पिकअपची प्रवर्तकता २.५ हेन्री असेल, तर दहा मीटर वायरीसह अनुस्पंदनाची वारंवारता सुमारे ३,२०० हर्ट्झ येते. पाच मीटर वायर लावली की ती ४,५०० हर्ट्झवर जाते. या वारंवारतेच्या वरचे स्वर झपाट्याने क्षीण होतात, म्हणून वायर लांब तेवढा आवाज बोथट. (सूत्र तुमच्या बारावीच्या पुस्तकात आहे, आकडे घालून पाहा.) आम्ही तीन मीटरची वायर लावली, आणि त्याचे पैसे वाचले. बटण फिरवताना खरखर होते तीही बहुधा आतील कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धुळीमुळे. आधी साफ करावे, मग बदलण्याचा विचार.

एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा गुणगुणाट मात्र खरा दोष आहे. आसपासच्या विजेच्या तारांचे चुंबकीय क्षेत्र तो पकडतो. आपल्याकडे हा स्वर ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला; जपानची गंमत अशी की पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६०. दोन वेटोळी उलट दिशेने जोडून चुंबकांचे ध्रुवही उलट ठेवले की गुणगुण रद्द होते आणि तारांचा आवाज मात्र मिळवला जातो. दुहेरी पिकअप रुंद असतो, तो बसविण्यासाठी लोक जुन्या लाकडाला पटाशी लावतात. तसे करू नये. एकावर एक वेटोळे रचलेला, जुन्याच मापाचा पिकअप मिळतो. तो त्याच खाचेत बसतो, आणि मूळचा पिकअप जपून ठेवला असेल तर केव्हाही परत जागेवर लावता येतो.