गाजर गवत उपटताय? आधी हात झाका

पाऊस सुरू होऊन महिना झाला की भिवंडीत बागांच्या कुंपणालगत, गोदामांमधल्या मोकळ्या जागेत गाजराच्या पाल्यासारखी पानं असलेलं झुडूप कमरेएवढं होतं. हेच गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. मूळचं अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात ते प्रथम नजरेत भरलं. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात.

रविवारी बाग साफ करायला जमणारी मंडळी ते सरळ हातांनी उपटतात. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आणि इथेच फसगत होते. या झाडातल्या पार्थेनिन या द्रव्याची वावडी अंगात हळूहळू भिनते. मग एखाद्या वर्षी पापण्या, मान, कोपराच्या खळग्यात खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते. एकदा अशी ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते. नुसत्या वाऱ्याने उडालेला वाळका चुराही पुरतो. परागकणांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो तो वेगळाच. मागावर सुताची धूळ खाऊन आधीच खोकणाऱ्यांनी, तसंच इसब किंवा दमा असलेल्यांनी उपटायला जाऊ नये. पाणी द्यावं, झाडं लावावीत.

बाकीच्यांनी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क घालावा. फुलं येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटावं. वरून कापलं तर पुन्हा फुटतं. एका झाडाला दहा हजारांवर बिया येतात. बिनफुलाचं झाड खतात चालतं, फुलोऱ्यावरचं नाही. ते पिशवीत बंद करावं, जाळू नये. गुरांनाही घालू नये, दूध कडवट होतं. पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर ती जागा सोडा: तिथे मेक्सिकन भुंगा तुमचंच काम करतोय. १९८४मध्ये बेंगळुरूत तो पहिल्यांदा मुद्दाम सोडला गेला.

मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचं बी टाका. तो गाजर गवताला वाढू देत नाही, शिवाय कोवळ्या पाल्याची भाजी होतेच.

घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवा. पुरळ उठलं तर दुकानातून मलम आणून चोळू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी परत जा. मातीतलं उरलेलं बी तोवर उगवलेलं असतं.