कळते, पण वळत नाही : किशोरवयातील सामाजिक बुद्धिमत्ता

चतुर्थीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते. आजी नुकत्याच आजारातून उठलेल्या मावशीची विचारपूस करीत असते आणि त्याच वेळी घरातला चौदा वर्षांचा मुलगा सर्वांदेखत विचारतो, ''मावशी, तुझे केस असे कसे गेले?'' क्षणभर शांतता पसरते. पुढे आई त्याला आत नेऊन रागावते, तेव्हा तो मान खाली घालून म्हणतो, ''मला ठाऊक होते, पण बोलून गेलो.'' हे उत्तर आपण सबब समजून सोडून देतो. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात बरेच तथ्य आहे.

'सामाजिक बुद्धिमत्ता' ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये 'हार्पर्स' मासिकातील लेखात बुद्धिमत्तेचे तीन प्रकार मांडले : अमूर्त विचार करण्याची, यंत्रे व वस्तू हाताळण्याची आणि माणसे ओळखून त्यांच्याशी शहाणपणाने वागण्याची. कारखान्यातील सर्वोत्तम कारागीर या तिसऱ्या बुद्धीच्या अभावी मुकादम म्हणून अपयशी ठरू शकतो, असे उदाहरण त्यांनी दिले होते. उत्तम गुणपत्रिका म्हणजे सामाजिक जाणिवेची हमी नव्हे. तसेच चुणचुणीत, बोलके मूल सामाजिकदृष्ट्या बुद्धिमान असतेच असे नाही. कोपऱ्यात बसलेल्या अबोल मुलीला समोरच्याचे मन अधिक अचूक वाचता येत असेल.

कपाटाच्या दोन बाजू

आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसू शकते, हे मुलाला साधारण चार-पाच वर्षांच्या वयात उमगते. मग किशोरवयात अडते कुठे? लंडनमधील संशोधक सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून याचे उत्तर मिळते. त्यात ७ ते २७ वर्षे वयाच्या १७७ मुली व तरुणी सहभागी झाल्या होत्या. त्यांना संगणकाच्या पडद्यावर खणांचे एक कपाट दाखवण्यात आले. कपाटाच्या पलीकडे सूचना देणारी एक व्यक्ती उभी होती. काही खण मागून बंद असल्यामुळे त्यांतील वस्तू तिला दिसत नव्हत्या. ती 'लहान चेंडू सरकव' म्हणाली, तर तिला दिसणाऱ्या चेंडूंपैकी लहान चेंडू निवडायचा होता. बंद खणातला त्याहूनही लहान चेंडू नव्हे.

चौदा ते सतरा वर्षांच्या मुलींनी येथे प्रौढांपेक्षा अधिक चुका केल्या. परंतु तेच कोडे 'बंद खणांतील वस्तू वगळा' अशा साध्या नियमाच्या रूपात दिल्यावर त्या प्रौढांच्या बरोबरीने यशस्वी ठरल्या. याचा अर्थ, उणीव आकलनाची किंवा एकाग्रतेची नव्हती. दुसऱ्याची बाजू ऐन वेळी लक्षात ठेवून त्यानुसार वागणे त्यांच्या अंगवळणी पडायचे होते. इतरांच्या मनाचा विचार करताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांची घडण विशीपर्यंत चालूच असते. 'कळते, पण वळत नाही' ही आपली म्हण या अवस्थेला तंतोतंत लागू पडते.

घडवणारे घटक

मेंदूची घडण चालू असताना तिला सराव लागतो. पहिला सराव घरात होतो. ''तुला काही कळते की नाही?'' या प्रश्नातून मूल फक्त गप्प बसायला शिकते. ''त्या क्षणी मावशीला काय वाटले असेल?'' असे विचारले, तर त्याला कपाटाच्या पलीकडे जाऊन पाहावे लागते.

दुसरा घटक म्हणजे समवयस्क. या वयात मित्रमंडळींतून वगळले जाण्याचे दुःख प्रौढांना वाटते त्याहून तीव्र असते. चेंडू टाकण्याच्या एका संगणकीय खेळात मुद्दाम वगळले असता किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा अधिक खालावल्याचे २०१० मधील दुसऱ्या अभ्यासात दिसले. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप गटातून काढून टाकल्याची तक्रार 'क्षुल्लक' म्हणून उडवून लावू नये.

तिसरा घटक पडद्याचा. दक्षिण कॅलिफोर्नियातील सहावीच्या ५१ मुलांना पाच दिवस निसर्गशिबिरात मोबाइल, दूरचित्रवाणी व संगणकाविना ठेवण्यात आले. चेहऱ्यावरील भाव ओळखण्यात त्यांनी, नेहमीचा दिनक्रम चालू ठेवलेल्या ५४ मुलांपेक्षा अधिक प्रगती केली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. हा परिणाम पडदा नसल्यामुळे झाला की दिवसभर एकमेकांच्या सहवासात राहिल्यामुळे, हे वेगळे काढणे कठीण आहे. तरीही पालकांसाठी त्यातला बोध स्पष्ट आहे : मोबाइल नुसता काढून घेणे पुरेसे नाही, रिकाम्या झालेल्या वेळेत माणसे हवीत.

दहावीचे वर्ष

गोव्यात अशी माणसे मिळण्याच्या जागा अजून आहेत. घुमट-आरतीच्या मेळात पंधरा वर्षांचा मुलगा साठीच्या काकांशेजारी बसतो. शामेळाचा ठेका कधी चढतो, कांसाळे कधी थांबते, आपला आवाज कुठे खाली घ्यायचा, हे त्याला इतरांच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे पाहूनच समजते. भजनी मंडळ, रोमटामेळ, गावचे नाटक किंवा फुटबॉलचे मैदान येथेही हेच घडते. वेगवेगळ्या वयांची माणसे, रुसवेफुगवे, तडजोडी आणि चुकल्यावर पुन्हा मिळणारी संधी, हे सारे तेथे एकत्र असते.

परंतु मूल दहावीला पोहोचले की सर्वप्रथम कात्री लागते ती याच गोष्टींना. 'एक वर्ष जाऊ दे, नंतर आहेच' असे आपण म्हणतो. अभ्यासाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या वयात हा सराव सर्वाधिक हवा, तीच वर्षे आपण त्यातून वजा करीत आहोत. आठवड्यातील एक संध्याकाळ मेळासाठी किंवा मैदानासाठी राखून ठेवल्याने वेळापत्रक कोलमडणार नाही. पुढच्या चतुर्थीला मावशी घरी येईल, तेव्हा ती संध्याकाळ मुलाच्या कामी येण्याची शक्यता मात्र बरीच आहे.