समजून घ्या : नवे रीळ, महागडी ब्रेडेड लाइन, तरी मासा निसटतो, दोरा गुंडाळताना चूक कुठे होते?

भरती लागली आहे. खाडीच्या तोंडाशी लूर पडतो, रॉड वाकतो आणि दोरा सुसाट बाहेर जाऊ लागतो. ड्रॅगचा नेहमीचा ‘कर्रर्र’ आवाज मात्र येत नाही. ड्रॅग आवळला तरी काही फरक पडत नाही. अर्ध्या मिनिटात मासा कालवांच्या खडकात शिरतो आणि दोरा तुटतो. दुसऱ्या दिवशी रीळ दुरुस्तीला जाते, तर ते ठणठणीत असल्याचे कळते.

रॉड घेऊन गरवायला जाणाऱ्या अनेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. अशा वेळी दोष बहुधा रिळाचा किंवा दोऱ्याचा नसतो, तर दोरा ज्या पद्धतीने भरला त्या पद्धतीचा असतो. तंगूस, म्हणजे साधा नायलॉनचा दोरा, कसाही गुंडाळला तरी बहुतेक वेळा चालून जातो. ब्रेडेड लाइनचे तसे नाही. असे का होते, आणि घरच्या घरी ती नीट कशी भरता येते?

ब्रेडेड लाइन म्हणजे नेमके काय?

तंगूस हा नायलॉनचा एकच सलग धागा असतो. ब्रेडेड लाइन मात्र अतिशय बारीक तंतूंचे चार, आठ किंवा त्याहून अधिक पदर वेणीसारखे विणून तयार होते. हे तंतू एका खास पॉलिथिलीनचे असतात. पिशव्या आणि बादल्यांसाठी वापरतात त्याच कुळातले हे प्लास्टिक आहे, पण त्याच्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी लांब असतात. या साखळ्या एका दिशेत ताणून त्यांचा मजबूत धागा काढण्याची पद्धत नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीचे संशोधक पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. ‘डायनिमा’ हे त्याच धाग्याचे व्यापारी नाव. जहाजांचे दोर आणि बुलेटप्रूफ जॅकेट यांतही तो वापरला जातो.

मासेमारीसाठी त्याचे फायदे उघड आहेत. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो बराच बारीक असतो, त्यामुळे लूर लांब जातो. नायलॉन तुटण्याआधी साधारण २० ते ३० टक्के ताणला जातो, हा जेमतेम ३ ते ४ टक्के. म्हणून माशाने नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. त्याची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, ०.९७ च्या आसपास असल्याने तो तरंगतो.

मग तो घसरतो कशामुळे?

ज्या गुणांमुळे हा दोरा चांगला ठरतो, त्याच गुणांमुळे तो गुंडाळताना त्रास देतो. पॉलिथिलीनचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत असतो. तंगूस ताणून गुंडाळला की तो आक्रसू पाहतो आणि स्पूलला घट्ट आवळून बसतो. ब्रेडेड लाइन ताणलीच जात नसल्याने तिच्यात ही पकड नसते.

त्यात स्पूलवर मारलेली गाठ खरे तर स्पूलला नव्हे, दोऱ्यालाच बसलेली असते. गुळगुळीत धातूच्या स्पूलवर दोऱ्याचे सगळे वेटोळे सैल बांगडीसारखे गोल फिरू लागते. स्पूल जागेवर, दोरा मात्र फिरतोय. ड्रॅग स्पूलला अडवतो, बांगडीला नाही. म्हणून आवाज येत नाही आणि ड्रॅग आवळूनही उपयोग होत नाही.

याची चाचणी सोपी आहे. ड्रॅग पूर्ण आवळावा, हातमोजा घालून दोरा जोरात ओढावा आणि स्पूलकडे पाहावे. स्पूल न फिरता दोऱ्याचे वेटोळे सरकले, तर दोरा नव्याने भरण्याला पर्याय नाही.

सैल गुंडाळला तर काय होते?

ही दुसरी आणि जास्त वेळा होणारी चूक आहे. ड्रॅग साधारणपणे दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. म्हणजे ९ किलोच्या दोऱ्यावर सव्वादोन ते तीन किलो. दोरा सैल भरलेला असेल आणि मासा एवढ्या जोराने ओढत असेल, तर वरचा बारीक दोरा खालच्या थरांत सुरीसारखा रुततो. पुढच्या फेकीत तो तिथेच अडकतो. मग दोरा तटकन तुटतो आणि तीन-तीन गळ असलेला लूर सुटून कुठेही जाऊ शकतो. शेजारी कोणी उभे असेल तर ही गोष्ट केवळ नुकसानीपुरती राहत नाही.

पतंग उडवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. फिरकीवर सैल गुंडाळलेला मांजा ऐन वेळी गुंततो. इथेही तेच होते, फक्त दोरा अधिक निसरडा असतो.

डबीवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

डबीवर ‘पीई १’, ‘पीई २’ असे आकडे असतात. ही जपानी मोजपद्धत असून तिचा पाया दोऱ्याचे वजन हा आहे. पीई १ म्हणजे २०० डेनिअर, म्हणजेच ९००० मीटर दोऱ्याचे वजन २०० ग्रॅम. या हिशेबाने १५० मीटर पीई १ दोरा जेमतेम सव्वातीन ग्रॅम भरतो. जाडी साधारण ०.१६५ मिमी धरली जाते. पीई २ ची ०.२३५ मिमी. किती किलोला तुटेल हे मात्र कंपनीनुसार बदलते, म्हणून तो आकडा वेगळा पाहावा.

रिळावर मात्र बहुधा तंगुसाची क्षमता छापलेली असते. उदाहरणार्थ, ‘०.३५ मिमी – १५० मीटर’. दोऱ्याने व्यापलेली जागा जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे पीई २ चा १५० मीटर दोरा या रिळावर ०.३५ मिमीच्या साधारण ६८ मीटर तंगुसाएवढीच जागा घेईल. उरलेल्या जागेत सुमारे ८२ मीटर तंगूस खाली भरावा लागेल. यालाच बॅकिंग म्हणतात. पूर्ण रीळ ब्रेडेड लाइनने भरण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि तंगुसाची पकड असल्याने दोरा घसरतही नाही.

विणलेला दोरा दाबला की चपटा होतो, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचा आहे. त्याच मापाचे दुसरे स्पूल असेल तर अचूक मार्ग निघतो. आधी त्यावर ब्रेडेड लाइन, मग तिला जोडून काठापर्यंत तंगूस भरावा. तिथून सगळे मुख्य स्पूलवर ओढून घेतले की तंगूस आपोआप तळाशी जातो आणि ब्रेडेड लाइन वर येते.

दोरा भरायचा कसा?

रीळ रॉडला लावूनच काम करावे. डबी धरायला एक मदतनीस असला तर उत्तम.

१. दोऱ्याचे टोक आधी रॉडच्या टोकाकडून रिळाकडे सर्व कड्यांतून ओवावे. बेल आर्म उघडी ठेवूनच स्पूलला गाठ मारावी. ती बंद राहिली तर गाठ मारूनही दोरा गुंडाळला जात नाही आणि सगळे पुन्हा सोडावे लागते.

२. तळाशी तंगूस भरावा. जागा कमी असेल तर ५ ते १० मीटरही पुरेसा होतो. तो जास्त ताणून भरू नये. आक्रसणारे नायलॉन प्लास्टिकच्या स्पूलला तडा देऊ शकते. तळाला रबरी पट्टी असलेल्या ‘ब्रेड रेडी’ स्पूलवर ब्रेडेड लाइन थेट बांधता येते. साध्या स्पूलवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढाही चालतो.

३. तंगूस आणि ब्रेडेड लाइन ‘डबल युनी’ गाठीने जोडावी. निसरड्या दोऱ्याला वेढे जास्त लागतात. तंगुसाचे चार-पाच घेतले तर ब्रेडेड लाइनचे सात-आठ घ्यावेत. गाठ ओली करूनच आवळावी. हे पॉलिथिलीन साधारण १५० अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने दोरा कमजोर होतो.

४. डबीच्या भोकातून पेन्सिल घालून डबी चाकासारखी फिरू द्यावी. डबी आडवी ठेवून कडेवरून दोरा ओढला तर प्रत्येक वेढ्यागणिक त्याला पीळ बसतो.

५. दोरा ओल्या फडक्यात धरून ताण द्यावा. उघड्या बोटांनी मुळीच नाही, कातडी कापली जाते. ताण साधारण अर्धा ते एक किलो असावा. अंदाज येत नसेल तर सामान तोलायच्या हुकवाल्या काट्याला दोरा बांधून एकदा ओढून पाहावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताण सारखा राहिला पाहिजे.

६. काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबावे. काठोकाठ भरला तर फेकताना एकाच वेळी अनेक वेढे सुटून गुंता होतो. फार कमी भरला तर काठाला घासून दोरा कमी अंतर जातो.

शेवटी अंगठ्याने दाबून पाहावे. स्पूल लाकडासारखे कडक लागले पाहिजे. अंगठा रुतला, तर काढून पुन्हा भरलेले बरे.

किनाऱ्यावर गेल्यावर काय सांभाळावे?

नीट भरलेला दोराही तासाभरात सैल होऊ शकतो. हलका लूर ओढताना, विशेषतः झटके देत ओढताना, सैल वेढे स्पूलवर जमा होतात. यावर उपाय दोन. फेक झाली की बेल आर्म हाताने बंद करावी आणि गुंडाळण्याआधी दोरा एकदा ओढून ताठ करावा. अधूनमधून लांब फेक करून दोरा बोटांतल्या ओल्या फडक्यातून ताणत परत घ्यावा.

गुंता झाला तर दोन्ही टोके खेचू नयेत. खेचल्याने गाठ बसते, हलक्या हाताने वेढे मोकळे केले तर बरेचदा सुटते. गळ खडकात अडकला तर दोरा हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. लाकडाच्या तुकड्याला दोन-चार वेढे देऊन सरळ रेषेत मागे ओढावे.

कोकणातल्या खडकांवर आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. ओढ सहन करण्यात हा दोरा दणकट असला तरी ताणलेल्या अवस्थेत कालवांच्या धारदार कडेला घासला की लगेच तुटतो. जिताडा, तांबोशी किंवा गोबरा यांच्या मागे असाल तर पुढे एक-दोन मीटर जाड तंगुसाचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर हवाच.

दोरा किती दिवस टिकतो?

खाऱ्या पाण्यातून आल्यावर स्पूल गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. रंग उडणे ही फार काळजीची बाब नाही. दोरा लवदार, केसाळ दिसू लागला की तेवढा भाग कापून टाकावा. वापर बहुतेक वेळा वरच्या ५०-६० मीटरचाच होतो. त्यामुळे काही महिन्यांनी दोरा उलटा करून भरला, तर तळाचा जवळपास नवा भाग वर येतो आणि नव्या डबीचा खर्च पुढे ढकलता येतो.

कापलेल्या तुकड्यांचे काय?

हा दोरा कुजत नाही. खडकात किंवा तिवरांत सोडलेला तुकडा वर्षानुवर्षे तिथेच राहतो आणि पक्ष्यांच्या पायांत, कासवांच्या गळ्यात अडकतो. वाळूत अनवाणी चालणाऱ्यांनाही तो दिसत नाही. पाण्याची रिकामी बाटली सोबत ठेवून सगळे तुकडे तिच्यात भरावेत आणि घरी आणावेत. कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने त्यांचे बोटभर तुकडे करावेत. मग ते कशातही गुंतत नाहीत.