क्षयाची तपासणी : स्वस्त कोणती, महाग कोणती?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन घटू लागले, की क्षयाची शंका घ्यावी, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. अडचण पुढे येते. तपासणी कोणती करावी आणि कुठे? रोजंदारीवर चालणाऱ्या घराने हा हिशेब नीट मांडायला हवा. पावतीवरचा आकडा हा खर्चाचा एक भाग झाला. बुडालेली रोजी, गाडीभाडे, चुकीची औषधे आणि तोवर घरातल्या लेकरांना होणारी लागण, हेही त्यात धरावे लागते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. तेव्हापासून बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत चालत आली. तिला खर्च अगदी थोडा. परंतु एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील, तेव्हा कुठे ते दिसू लागतात. लहान मुलांच्या व एचआयव्हीबाधितांच्या बेडक्यात ते बहुधा कमी असतात. मग खरा रुग्ण 'निगेटिव्ह' ठरून घरी परततो. अशी तपासणी फुकटात झाली तरी महागच पडली.

दुसरा धडा रक्ततपासणीचा. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ठरवणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास होत. भारतात दरवर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. डाउडी, स्टाइनगार्ट व पै या संशोधकांनी २०११ साली भारतापुरता हिशेब मांडला. बेडका तपासण्यापेक्षा ही चाचणी अधिक खर्चिक आणि कमी उपयोगी ठरली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असे बजावले आणि २०१२ साली भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली.

आज खात्रीची तपासणी म्हणजे बेडक्यातील जंतूंची जनुके ओळखणारे यंत्र. 'जीन एक्स्पर्ट'ला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. दोन तासांत निदान होते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही कळते. गरीब देशांसाठी त्याच्या एका कार्ट्रिजची, म्हणजे नमुना भरण्याच्या डबीची, किंमत २०१२ साली सुमारे १० डॉलरवर आली आणि २०२३ साली ७.९७ डॉलरवर उतरली. गोव्यातील मोलबायो कंपनीचे 'ट्रूनॅट' बॅटरीवर चालते, म्हणून वीज जाणाऱ्या खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही ते उपयोगी पडते. त्याला २०२० साली मान्यता मिळाली.

मात्र यंत्र आले म्हणजे काम झाले, असे नाही. दक्षिण आफ्रिकेने २०११ पासून एक्स्पर्ट यंत्रे बसवली. तेथे सूक्ष्मदर्शक व यंत्र यांची तुलना केली, तेव्हा सहा महिन्यांतील मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. यंत्रे दवाखान्यापासून दूर प्रयोगशाळांत होती. निदान होऊनही काही रुग्णांचे उपचार सुरू झाले नाहीत, तर 'निगेटिव्ह' आलेल्या अनेकांची पुढली तपासणी राहून गेली. अहवालामागून गोळी रुग्णाच्या हाती पडली, तरच तपासणीचे पैसे वसूल होतात.

म्हणून वाचकहो, एवढे करा. सरकारी केंद्रात बेडक्याची तपासणी व औषधे मोफत आहेत. तिथेच आधी जा. चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका द्या. नुसती थुंकी चालत नाही. यंत्रावर तपासणी होईल का आणि अहवाल कोणत्या दिवशी मिळेल, हे तिथल्या तिथे विचारा. अहवाल 'निगेटिव्ह' येऊनही खोकला थांबला नाही, तर पुन्हा जा आणि एक्स-रेबद्दल विचारा. निदान झाल्यास नोंदणी करून बँक खाते जोडा. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून उपचार संपेपर्यंत दरमहा १,००० रुपये देण्याची योजना आहे. ते पैसे रुग्णाच्या ताटासाठी आहेत, ते मागताना संकोच करू नका.