माहीम खाडीवरचा पूल क्रमांक 20

मुंबईत माहीम आणि वांद्रे या स्थानकांच्या मध्ये पश्चिम रेल्वेचे रूळ मिठी नदी ओलांडतात. रेल्वेच्या दफ्तरी या जागेची ओळख ‘पूल क्रमांक 20’ एवढीच आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर उगम पावलेली मिठी सुमारे 18 किलोमीटर वाहून इथे खाडीत उतरते. पुलाच्या पूर्वेला धारावीच्या अंगाला खारफुटी आणि महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, तर पश्चिमेला माहीम कॉजवे आणि त्यापुढे समुद्र. पुलाखालचे पाणी दिवसातून दोनदा भरतीने चढते आणि ओहोटीने उतरते. पश्चिम रेल्वेवर रोज लोकलच्या सुमारे 1400 फेऱ्या होतात. त्यांतल्या बहुतेक याच पुलावरून जातात, शिवाय गुजरात, राजस्थान आणि दिल्लीकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही इथूनच जातात. अशा पुलाचे 1888 सालचे पाय 2025 मध्ये बदलावे लागले.

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी होडीने ओलांडत. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या 1,57,000 रुपयांतून कॉजवे उभा राहिला आणि 1845 मध्ये वाहतुकीला खुला झाला. रेल्वे त्यानंतर आली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या मुंबईकरांची बीबीसीआय, गुजरातकडून रूळ टाकत दक्षिणेला सरकली आणि नोव्हेंबर 1864 मध्ये ग्रँट रोडला पोहोचली. वाटेत नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा, वसईची खाडी आणि शेवटी मिठी असे पाणीच पाणी होते. यांतल्या बऱ्याच ठिकाणी तळाला खोलवर गाळ, त्यामुळे दगडी पायासाठी पक्का खडक सहज हाती लागत नसे.

कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी यावर मळसूत्री खांबांचा उपाय योजला. बिडाचा पोकळ नळखांब आणि त्याच्या तळाशी रुंद पात्याचे मळसूत्र, अशी त्याची घडण होती. खांब ठोकायचा नाही, फिरवायचा. वरच्या टोकाला आडव्या लांब दांड्या बांधून माणसे किंवा बैल गोल फिरत, तसा खांब गाळात उतरत जाई. एक नळ आत गेला की त्यावर दुसरा जोडायचा. मळसूत्राची पाती मातीत पसरट टेकत असल्याने मऊ गाळातही भार पेलला जाई. ही युक्ती बेलफास्टचे अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांची. 1833 मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले आणि पुढे थेम्स नदीच्या मुखाशी वाळूवर दीपगृह उभारायला ती वापरली गेली. केनेडी यांनी गाळे आणि गर्डर एकाच मापाचे ठेवले. त्यामुळे इंग्लंडहून जहाजाने आलेला सुटा भाग कोणत्याही नदीवर बसवता येई. घाईने मार्ग उभारणाऱ्या कंपनीसाठी ही मोठीच सोय होती.

ही सोय सगळीकडे टिकली नाही. नर्मदेच्या पुरांनी भरूचजवळच्या अशा पुलाचे वारंवार नुकसान केले. अखेर 1881 मध्ये तिथे नवा पूल बांधून झाला, तोच आजचा गोल्डन ब्रिज. वसईच्या खाडीवर नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये, पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना, आता काँक्रीटच्या पेटीगर्डरचे पूल आहेत. पूल क्रमांक 20 खालचे मळसूत्री खांब मात्र राहिले. 1888 पासून त्यांनी वाफेची इंजिने पेलली, 1928 नंतर विजेच्या लोकल पेलल्या आणि पुढे पंधरा डब्यांच्या गाड्याही.

बीड दाबाला बळकट असते, पण ताण आणि धक्का त्याला सोसत नाही. खाऱ्या पाण्यात त्याचा ऱ्हास फसवा होतो. त्यातले लोखंड हळूहळू निघून जाते आणि मागे ग्रॅफाइटचा ठिसूळ सांगाडा राहतो. खांबाचा आकार तसाच दिसतो, रंगही फारसा बदलत नाही, पण बळ गेलेले असते. सर्वाधिक झीज भरती-ओहोटीच्या पट्ट्यात होते, कारण तिथे धातू आलटून पालटून भिजतो आणि वाळतो. गाळाखालचा भाग तर डोळ्यांना दिसतच नाही. वरच्या गर्डरची तपासणी तुलनेने सोपी असते. रिव्हेटवर एका बाजूला बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडी मारली, की सैल रिव्हेट बोटाला लगेच कळतो. पाण्याखालच्या बिडाला अशी साधी कसोटी नाही. महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा रस्तापूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा जुन्या पुलांची खरी परीक्षा पाण्याखाली होते हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिले.

अशा मार्गावर सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे रिकामा वेळ. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. तेवढ्यात ओव्हरहेड वायरमधला 25,000 व्होल्टचा प्रवाह बंद करायचा, रूळ आणि स्लीपर उचलायचे, खडी उपसायची आणि सगळे पुन्हा जागेवर आणायचे. म्हणून शक्य ते काम गाड्या चालू असतानाच, रुळांखाली आणि बाजूला उरकले जाते. रुळांना तात्पुरत्या गर्डरांचा आधार देऊन खाली खोदाई आणि काँक्रीट होते. जुना भाग काढून नवा गर्डर बसवण्याची पाळी आली, की मोठ्या ब्लॉकशिवाय, म्हणजे कित्येक तास मार्ग बंद ठेवल्याशिवाय, गत्यंतर नसते.

पूल क्रमांक 20 च्या दक्षिणेकडील अबटमेंटसाठी, म्हणजे पुलाचे टोक ज्यावर टेकते त्या काठच्या आधारासाठी, 24 आणि 25 जानेवारी 2025 च्या रात्री असा ब्लॉक झाला. धीम्या मार्गावर तो रात्री 11 पासून सकाळी साडेआठपर्यंत होता. अडीचशेहून अधिक लोकल फेऱ्या रद्द झाल्या आणि कित्येक गाड्या अंधेरीला थांबवाव्या लागल्या. एप्रिलमध्ये 11 आणि 12 तारखेच्या रात्री पुन्हा ब्लॉक घेऊन उरलेले काम झाले. रात्रपाळीहून परतणाऱ्यांचे आणि पहाटे कामावर निघणाऱ्यांचे हाल झाले, हे खरे. पण आपली गाडी कशावर उभी आहे हे प्रवाशाला एरवी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पायासाठी काही रात्री सोसणे हा रास्त सौदा आहे. गर्डर बदलला तरी काम तिथे संपत नाही. त्यावरून गाड्या आधी सावकाश सोडतात, खडी दाबून बसवतात, रुळांची पातळी पुन्हा पुन्हा मोजतात आणि मगच वेग वाढवतात.

या जागी नदीचाही विचार आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीने दोन्ही काठांवर हाहाकार माजवला. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहरातल्या पुराच्या कारणांचा अभ्यास केला. समुद्राकडे निघालेल्या मिठीला हा पूल अगदी मुखाजवळ ओलांडतो. पात्रातला प्रत्येक आधार थोडे पाणी अडवतो, गाळ आणि कचरा धरून ठेवतो. त्यामुळे इथला पूल जितका मोकळा, तितका धारावी, कुर्ला आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या बाजूने येणाऱ्या पाण्याला निचरा.

बाहेर काढलेल्या खांबांपैकी एखादा तरी मळसूत्रासकट संग्रहालयात जपला पाहिजे. या मार्गाची सुरुवात ज्या कारागिरीने झाली तिचा हा अस्सल पुरावा आहे, आणि तो भंगारात जाता कामा नये. दरम्यान याच मार्गावर पुढचे काम ठरले आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या 3अ टप्प्यात बोरिवली ते विरार पाचवी आणि सहावी मार्गिका टाकली जात असून तिच्यासाठी वसईच्या खाडीवर आणखी पूल बांधायचे आहेत.