गोंडी बोलणाऱ्या मुलाची मानसिक चाचणी

सोळा वर्षांवरील विधिसंघर्षग्रस्त बालकावर निर्घृण अपराधाचा आरोप असल्यास, त्याची मानसिक कुवत व परिणामांची जाण बाल न्याय मंडळाने अजमावावी, असे २०१५ चा कायदा सांगतो. त्यावरूनच त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावयाचा की नाही, हे ठरते. मंडळात बालमानसशास्त्राचा व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञाचे साहाय्य अनिवार्य, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. हे योग्यच झाले. परंतु गोंदिया जिल्ह्यात अडचण भाषेपासूनच सुरू होते. देवरी-सालेकसाकडील गोंडीभाषक मुलाच्या मौनाचा अर्थ दुभाष्याने कसा लावावयाचा? ते अपराधीपण, भय की केवळ संकोच? मूल्यमापनाची मुदत तीन महिने. परक्यापुढे मन मोकळे करण्यास तेवढे पुरतीलच असे नाही. शिवाय मूल्यमापन म्हणजे उपचार नव्हे. स्थानिक बोली जाणणारा समुपदेशक निकालानंतरही मुलाला नियमित भेटेल, अशी तरतूद शासनाने प्रथम करावी.