‘म्हणजे बी.एड. करणार का?’ : शिक्षणाच्या अर्थशास्त्राबद्दलचे काही गैरसमज

हैदराबादच्या काचीगुड्यात मराठी घरं पुष्कळ आहेत. कुणाचे पणजोबा निजामाच्या नोकरीत आले, तर कुणाचे आजोबा नांदेड-परभणीहून शिकायला आले आणि इथलेच झाले. १९१६ साली बांधलेलं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि उस्मानिया विद्यापीठही लांब नाही. अशा घरातली मुलगी बी.ए. झाल्यावर म्हणाली, ‘मला शिक्षणाच्या अर्थशास्त्रात संशोधन करायचंय’, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे बी.एड. करणार का?’ लगेच दुसरा येतो : ‘त्यापेक्षा बँकेची परीक्षा का देत नाहीस?’ विचारणारे काका-मावशी काळजीपोटीच विचारतात, त्यांना दोष नाही. पण या प्रश्नांमागे जी समजूत आहे ती बरीचशी चुकीची आहे, आणि तिच्यामुळे या कामाला अगदी योग्य अशी मुलं दुसरीकडे वळताना मी पाहिली आहेत.

‘शिक्षणाचा अभ्यास म्हणजे बी.एड.’

बी.एड. ही शाळेत शिकवण्यासाठी लागणारी पदवी आहे. शिक्षण धोरणावर संशोधन करणारी माणसं अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र अशा कुठूनही येतात. अपवाद एवढाच की पुढे शिक्षणशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल, तर एम.एड.ची गरज पडते.

आणि ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली. तिथले धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर हे दोघेही अर्थशास्त्रज्ञ. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाच्या त्यांनी दोन पाहण्या केल्या आणि संस्थेने त्या १९५५ साली प्रसिद्ध केल्या. मुलं शाळा मधेच का सोडतात, एकाच इयत्तेत का अडकतात, आणि शाळा सुटून काही वर्षं झाल्यावर त्यांना लिहिता-वाचता येतं का, असे त्यांचे प्रश्न होते. यातला तिसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पटावर किती नावं आहेत, हे सरकारला ठाऊकच होतं. शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या डोक्यात काय उरलं, हे गावात जाऊन पाहणं वेगळं. आज जगभर ‘शिकण्याची फलनिष्पत्ती’ म्हणून जो शब्द चालतो, तोच विचार सातारच्या गावांमध्ये सत्तर वर्षांपूर्वी झाला होता.

जे. पी. नाईकांचं नावही इथे घ्यायलाच हवं. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस १९६४ ते ६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण आहे, असं त्यांनी मांडलं. युनेस्कोने जगातल्या शिक्षणविचारवंतांची जी मालिका काढली, तिच्यात नाईकांचा समावेश आहे.

‘अर्थशास्त्र म्हणजे पैशांचा हिशेब, शाळेशी त्याचा काय संबंध?’

संबंध काय, ते आपल्याच भागात घडलेल्या कामावरून सांगते. २००५ च्या सुमारास, आंध्र प्रदेश अजून एकसंध असताना, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या ग्रामीण सरकारी शाळांत एक प्रयोग केला. प्रश्न साधा होता : मुलांच्या गुणांत सुधारणा झाली तर शिक्षकाला थोडा बोनस द्यायचा, याने काही फरक पडतो का? यावर मतं सगळ्यांकडे होती. कोणी म्हणे शिक्षक फक्त परीक्षेपुरतं शिकवतील, कोणी म्हणे पैशाशिवाय कोणी हलत नाही. मग त्यांनी शाळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. शंभर शाळांत प्रत्येक शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या वर्गावरून बोनस, शंभर शाळांत सगळ्या शाळेला मिळून बोनस, आणि शंभर शाळा तुलनेसाठी जशाच्या तशा.

चिठ्ठ्या टाकणं हाच या कामाचा गाभा आहे. शाळा आपण निवडल्या असत्या, तर उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा नकळत बोनसच्या यादीत गेल्या असत्या. मग सुधारणा बोनसमुळे झाली की मुख्याध्यापकामुळे, हे कधीच कळलं नसतं. चिठ्ठीला कोणाचा उत्साह कळत नाही. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाने पुढे होती. घरगुती भाषेत सांगायचं तर गणितात शंभरातला पन्नासावा मुलगा साधारण साठाव्या मुलाच्या बरोबरीला आला. ज्या विषयांवर बोनस नव्हता, त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांतही मुलं पुढेच होती. म्हणजे ‘फक्त परीक्षेपुरतं शिकवतील’ ही भीती निदान इथे खरी ठरली नाही. याउलट इंडोनेशियात शिक्षकांचा मूळ पगार कोणत्याही अटीविना दुप्पट केला, तेव्हा मुलांच्या शिकण्यात काही फरक दिसला नाही. पगार किती, याहून तो कशाशी जोडलेला आहे हे महत्त्वाचं ठरतं, आणि हा निष्कर्ष खुर्चीत बसून निघत नाही.

मुरलीधरन आणि सुंदररामन यांचाच दुसरा प्रयोग प्रत्येक पालकाने समजून घ्यावा असा आहे. आंध्रातल्या १८० गावांतल्या पालकांनी खासगी शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केले. आधी गावांची सोडत निघाली, मग गावातल्या कुटुंबांची. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. हिंदीत मात्र बरीच पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी फारशी शिकवलीच जात नव्हती. आणि खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. यातून सरकारी शाळांचे समर्थक एक अर्थ काढतील, खासगीचे दुसरा. मला वाटतं, दोघांनाही आपलं बोलणं थोडं बदलावं लागेल. खासगी शाळेत घातलं म्हणजे मूल आपोआप जास्त शिकतं, हे या प्रयोगाने दाखवलं नाही. पण कमी खर्चात तेवढंच शिकवता येतं, हेही त्यानेच दाखवलं.

‘हे लोक एसी खोलीत बसून आकडे जुळवतात’

‘असर’ची पाहणी कशी होते ते एकदा पाहा. माधव चव्हाण यांनी सहकाऱ्यांसह मुंबईत उभ्या केलेल्या ‘प्रथम’ संस्थेची ही पाहणी २००५ पासून सुरू आहे. ती शाळेत न करता घरी केली जाते, कारण शाळेत गेलं तर गैरहजर मुलं सुटतात, शाळा सोडलेलीही सुटतात. कार्यकर्ता अंगणात बसतो आणि मुलापुढे एक कागद ठेवतो. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. सुरुवात परिच्छेदापासून होते. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. आई दारातून बघत असते. सहावीतला मुलगा बोट ठेवून अक्षर जुळवत परिच्छेद वाचतो आणि मधेच थांबतो, तेव्हा त्या आईला निकालपत्रकाने कधी न सांगितलेलं काहीतरी कळतं.

२०२४ च्या ‘असर’नुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा खरी आहे, पण दर चारांतली तीन मुलं अजून मागे आहेत, हेही तितकंच खरं आहे.

‘इंग्रजी फर्डं आणि गणित पक्कं असलं तरच’

गणित लागतं. संख्याशास्त्र, प्रतिगमन, एखादं सॉफ्टवेअर हे शिकावंच लागतं आणि ते एम.ए. करताना शिकता येतं. इंग्रजीत लिहावंही लागतं. पण कामाचा निम्मा जीव प्रश्नावलीत असतो आणि तिथे काचीगुड्याची मुलगी कोणाच्याही पुढे असते. घरात मराठी, गल्लीत उर्दू-हिंदी, शाळेत आणि बाजारात तेलुगू. ‘तुमचा मुलगा शाळेत जातो का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येणारच, कारण नाव पटावर असतं. ‘काल शाळेत होता का? परवा?’ असं विचारलं की खरं चित्र दिसायला लागतं. कुठे ‘ट्यूशन’ म्हणायचं, कुठे ‘शिकवणी’, पगार विचारायचा की ‘घर कसं चालतं’ असं विचारायचं, याची जाण पाठ्यपुस्तकातून येत नाही.

‘पीएच.डी. म्हणजे पाच-सहा वर्षं घरच्यांच्या जिवावर’

हे अर्धवट खरं आहे, म्हणून सरळ सांगते. नेट या पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि पुढे एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती झाल्यावर ४२,०००. वर घरभाडं वेगळं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० आहे. पण जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, तिला सर्वसाधारणपणे तिसाव्या वर्षाची मर्यादा आहे, कायम जागा थोड्या आहेत आणि प्रकल्पावरच्या नोकऱ्या प्रकल्प संपला की संपतात. घरची परिस्थिती नाजूक असेल तर आधी दोन वर्षं एखाद्या प्रकल्पावर संशोधन साहाय्यक म्हणून काम करून पाहणं शहाणपणाचं. आणखी एक बदल बऱ्याच पालकांच्या कानावर अजून गेलेला नाही : पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं, आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेल्याला थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

‘अहवाल लिहितात आणि ते कपाटात जातात’

काही जातात. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच लिहावं लागलं, कारण मधल्या काळात ते झालंच नाही. पण १०+२+३ ही आज आपल्याला जन्मजात वाटणारी रचना त्याच आयोगानंतर देशभर रुजली. दुसरं उदाहरण म्हणजे मुंबईत आणि वडोदऱ्यात झालेला ‘बालसखी’ प्रयोग. वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून मुळाक्षरं आणि आकडेमोड शिकवत. त्याचा परिणाम अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजला, आणि या पद्धतीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं. वयानुसार नव्हे तर मुलाला जे येतं तिथून शिकवायचं, ही पद्धत त्यानंतर अनेक राज्यांत गेली.

राहिली गोष्ट ‘यासाठी दिल्ली-पुण्यालाच जावं लागेल’ या समजुतीची. काचीगुड्याहून बेगमपेटला बसने तासाभरात पोचता येतं. तिथे सेंटर फॉर इकॉनॉमिक अँड सोशल स्टडीज आहे, १९८० पासून. ऑक्सफर्डच्या ‘यंग लाइव्ह्ज’ या अभ्यासाचं भारतातलं काम याच संस्थेच्या साथीने उभं राहिलं : आंध्र आणि तेलंगणातली तीन हजार मुलं, त्यांची शाळा, वजन-उंची, घरची कमाई, लग्न, नोकरी, दर काही वर्षांनी पुन्हा त्याच दारात जाऊन विचारलेलं. ही सगळी माहिती नावं काढून टाकून संशोधकांसाठी विनामूल्य खुली आहे. आपल्या घरातल्या मुलीला ती उघडून बघू द्या. २००२ साली पहिल्यांदा भेटलेली त्यातली दोन हजार बाळं तेव्हा जेमतेम वर्षाची होती. आज ती तिच्याहून थोडीच मोठी आहेत.